पर्यायी कॉम्प्युटरची रॅम आधी जुळवा

संघाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला म्हणून गटांच्या वसुलीच्या नोंदी थांबत नाहीत. अशा वेळी दोन जुन्या सीपीयूंचे भाग काढून कामापुरता एक उभा करता येतो. पण ताईंनो, गाडं बहुतेक रॅमपाशीच अडतं.

रॅम म्हणजे आतली लांबट पट्टी. दिसायला सगळ्या सारख्याच, पण डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या मदरबोर्डवर चालत नाही. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. खालची खाचही वेगळ्या जागी असते. प्लग काढूनच पट्टी लावा आणि खाच जुळली नाही तर जोर लावू नका. स्लॉट तुटला तर मदरबोर्डच गेला समजा. पट्टीच्या स्टिकरवर इंग्रजीत बहुधा 'पीसी३' किंवा 'पीसी४' छापलेलं असतं, ते वाचा. लॅपटॉपची पट्टी आखूड, ती साध्या डेस्कटॉपला बसतच नाही. वेग वेगळा असलेल्या दोन पट्ट्या मात्र बहुतेक वेळा चालून जातात, फक्त कमी वेगाने.

नागपूरला रॅम घ्यायला जाताना मदरबोर्डच्या मॉडेल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. भिवापूरहून दोन खेपा कोण मारणार!

कॉम्प्युटर सुरू झाला की लगेच नोंदीला बसू नका. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' एकदा चालवा. खराब रॅमने फाईल बिघडू शकते, आणि एखाद्या ताईचा भरलेला हप्ता थकीत दिसला तर भांडण गटात होतं. तपासणीत दोष निघाला तर ती पट्टी काढा, आणि तोवर नोंदी वहीतच करा.