वायरीविना लॅपटॉप टीव्हीवर

लॅपटॉपवरचं चित्र टीव्हीवर आणायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एचडीएमआय केबल. काहीशे रुपयांत मिळते आणि लावली की चालते. पण टीव्ही भिंतीवर आणि लॅपटॉप सोफ्यावर असला की केबल हॉलभर आडवी पडते, आणि तिच्यात कोणाचा तरी पाय अडकतोच. अशा घरासाठी वायरलेस डिस्प्ले अडॅप्टर, म्हणजे दुकानात ज्याला सगळे नुसतं डोंगल म्हणतात, ते बरं.

पैसे मोजण्याआधी एक पाहा. टीव्ही स्मार्ट असेल तर ही सोय त्यात आधीच असू शकते. मेनूत ती ‘स्क्रीन मिररिंग’ किंवा ‘स्क्रीन शेअर’ अशा नावाने दडलेली असते. ती चालू करा आणि लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून ‘के’ दाबा. यादीत टीव्हीचं नाव आलं, तर डोंगल घ्यायचं कारणच उरलं नाही.

बहुतेक डोंगल ज्या तंत्रावर चालतात त्याचं नाव मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ साली त्याची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, आणि विंडोज ८.१ पासून ते विंडोजमध्येच येतं. अ‍ॅपलच्या मॅकबुकमध्ये मात्र मिराकास्ट नाही. तिथे एअरप्ले लागतं. खरेदी करताना खोक्यावर कोणतं नाव छापलंय, ते वाचूनच घ्या.

आता जोडणी. डोंगलचं एक टोक टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये जातं आणि दुसरं, यूएसबीचं, वीज घेण्यासाठी. ही यूएसबी न लावता काम भागेल असं अनेकांना वाटतं. भागत नाही. एचडीएमआयमधून पाच व्होल्ट येतात खरे, पण हमी असते ती फक्त ५५ मिलिअँपिअरची, आणि एवढ्यावर डोंगलचा वाय-फाय चालत नाही. टीव्हीच्या यूएसबी पोर्टलाही कधी कधी दम नसतो. डोंगल मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर त्याची यूएसबी मोबाइलच्या चार्जरला लावून बघा. मग रिमोटवरून, डोंगल ज्या पोर्टला लावलंय ते एचडीएमआय निवडा, पडद्यावर दिसणारं डोंगलचं नाव लक्षात ठेवा, लॅपटॉपवर विंडोज आणि ‘के’ दाबून तेच नाव निवडा. काही सेकंद पडदा काळा होतो. तेवढा धीर धरावा.

आत काय चालतं हे कळलं की पुढच्या बहुतेक कटकटींचा उलगडा आपोआप होतो. लॅपटॉप डोंगलला फाइल पाठवत नाही. तो आपल्या पडद्याचं सतत चित्रीकरण करतो आणि तो व्हिडिओ पाठवतो. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर दर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट होतात. घरगुती वाय-फायला हे झेपणारं नाही. म्हणून लॅपटॉप ते दाबून शंभर-दोनशे पटींनी लहान करतो, हवेतून धाडतो आणि डोंगल ते पुन्हा उलगडतं. या दाबण्या-उलगडण्यात क्षणभर जातोच. माउस गोल फिरवून बघा: टीव्हीवरचा बाण लॅपटॉपवरच्या बाणामागून येतो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण आवाजही तितकाच उशिरा येतो. क्रिकेटचा व्हिडिओ गेम मात्र खेळू नका; बॅट फिरेपर्यंत दांडी उडालेली असते.

चित्रीकरण सतत चालू असल्याने लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, बॅटरी भराभर उतरते आणि झाकण मिटून लॅपटॉप झोपला की टीव्हीवरचं चित्रही जातं. क्रोमकास्टवर यूट्यूब लावल्यावर फोन खिशात ठेवता येतो, तो तिथे व्हिडिओ थेट इंटरनेटवरून येतो म्हणून. इथे तसं नाही. उलट, इथे राउटर किंवा इंटरनेट नसलं तरी चालतं. लॅपटॉप आणि डोंगल आपसात वाय-फाय डायरेक्टने बोलतात.

चित्र अडखळण्याचं एक मोठं कारण इथेच आहे. लॅपटॉपमध्ये वाय-फायचा रेडिओ बहुधा एकच असतो. राउटर एका चॅनेलवर आणि डोंगल दुसऱ्यावर असलं की तो रेडिओ दोन चुलींवरची दोन भांडी आळीपाळीने ढवळल्यासारखा इकडून तिकडे धावतो. ऑनलाइन सिनेमा टीव्हीवर लावला की दोन्हीकडे एकदमच भार येतो. अशा वेळी लॅपटॉपचं इंटरनेट लॅनच्या वायरीवर घ्या, किंवा सिनेमा आधी उतरवून ठेवा. डोंगल टीव्हीच्या पाठीला चिकटून बसलेलं असतं, तेही त्रासाचं. एचडीएमआयच्या वीतभर जोडवायरीने ते बाजूला काढलं की फरक पडतो.

कडा कापल्या जात असतील तर दोष डोंगलचा नाही. टीव्ही चित्र किंचित मोठं करून दाखवतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

विंडोज आणि ‘पी’ दाबल्यावर पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ ठेवलं की लॅपटॉपवर जे येईल ते टीव्हीवरही. पाहुण्यांसमोर व्हॉट्सअ‍ॅपचा खासगी निरोप टीव्हीभर झळकतो. ‘एक्स्टेंड’ केलं की टीव्ही वेगळा पडदा होतो, सिनेमाची खिडकी तिकडे सरकवायची आणि बाकीचं लॅपटॉपवरच राहतं. आणि डोंगलला पिन लावायची सोय असेल तर ती जरूर लावा. वाय-फाय भिंतीपलीकडे जातं, तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधल्या लॅपटॉपलाही तुमच्या डोंगलचं नाव दिसतं.