तारेने कापलेला घोड्याचा पाय

कागल तालुक्यातील बिद्रीसारख्या ऊसपट्ट्यात मळ्याच्या काटेरी तारेत घोड्याचा पाय कापला, तर जखम लहान म्हणून निर्धास्त राहू नये. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. कातडीखाली लगेच कंडरा, हाड व सांधे असतात. म्हणून मांडीवरील वीतभर जखमेपेक्षा सांध्याजवळील लहानसे छिद्र अधिक घातक ठरते.

प्रथम रक्त स्वच्छ फडक्याने दाबून थांबवावे. मग लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून जखम धुवावी. हळद, चुना वा राख भरू नये. पिवळसर चिकट द्रव पाझरल्यास सांधा उघडा पडला असे समजून तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. धनुर्वाताविरुद्ध मात्र प्रत्येक जखमेत टोचवून घ्यावेच. पाळीव जनावरांत त्या रोगाचा धोका घोड्यास सर्वाधिक असतो.