साहेब चुकतायत, हे सांगायचं कुणी?

२२ डिसेंबर १९९९च्या संध्याकाळी लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून कोरियन एअरचं मालवाहू बोइंग ७४७ मिलानकडे निघालं आणि मिनिटभरात कोसळलं. आतले चौघेही गेले. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलेलं होतं. अंधारात त्यांनी विमान डावीकडे वळवलं; उपकरण हलेना, तसे ते वळवतच राहिले. दोन बाजूंची उपकरणं जुळत नाहीत असं सांगणारा भोंगा वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर इशारा देत होता. सहवैमानिकासमोरचं उपकरण मात्र ठणठणीत होतं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. कॅप्टन वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठे, हवाई दलातून आलेले.

यावर तयार उत्तर असतं: कोरियन संस्कृती, तिथे वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत. डच अभ्यासक खेर्ट होफस्टेडे यांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून वरिष्ठ-कनिष्ठांतल्या अंतराचा निर्देशांक मांडला. त्यात दक्षिण कोरियाला ६० गुण आहेत, नेदरलँड्सला ३८ आणि भारताला ७७. (साहेबांची चूक 'लेकी बोले सुने लागे' या थाटात दाखवणाऱ्या आपल्या कचेऱ्या पाहता हा आकडा कुणाला खटकू नये.) पण मग २७ मार्च १९७७ला टेनेरिफला काय झालं? धुक्यात परवानगीविना धावू लागलेलं केएलएमचं विमान पॅन ॲमच्या विमानावर आदळलं, ५८३ माणसं मेली. कॅप्टन डच, हाताखालचेही डच. कॅप्टनने पहिल्यांदा घाई केली तेव्हा सहवैमानिकाने अडवलं. दुसऱ्यांदा तो गप्प बसला. पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलं. कॅप्टनने ठासून उत्तर दिल्यावर तोही थांबला. हे कॅप्टन कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. या सहवैमानिकाची ७४७साठीची परीक्षा दोनच महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. आपला परीक्षक शेजारी बसलेला असताना ३८ गुणांचा देशही जीभ आवरतो.

म्हणजे संस्कृतीचा काहीच संबंध नाही? आहे. माणूस थेट बोलेल की आडून सुचवेल, हे बरंचसं तिच्यावर ठरतं. पण बोललेलं मोजलं जाईल की नाही, हे कामाची घडी ठरवते, आणि ती बदलता येते. अमेरिकेत १९७८ साली पोर्टलंडजवळ इंधन संपून विमान पडलं. इंधनाचे इशारे कॅप्टनपर्यंत पोहोचूनही न पोहोचल्यासारखे राहिले होते. १९७९मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१पासून युनायटेड एअरलाइन्सने कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला शिकवणं सुरू केलं. कोरियन एअरनेही २०००मध्ये डेल्टा एअरलाइन्समधून आलेल्या डेव्हिड ग्रीनबर्ग यांच्याकडे उड्डाण विभाग सोपवून प्रशिक्षण मुळापासून बदललं. १९९७च्या ग्वाम अपघातात २२८ जीव गेले होते; त्यानंतर त्यांच्या प्रवासी विमानात अपघाती मृत्यू नाही. एवढ्यात कोरियन माणूस काही बदलला नव्हता.

संकटात वाद घालत बसलं तर हुकूम कुणाचा चालणार, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे वादाला जागाच ठेवायची नसते. अखेरचा शब्द कॅप्टनचाच. मात्र कुठल्या क्षणी कनिष्ठाने काय म्हणायचं आणि ऐकलं नाही तर काय करायचं, हे जमिनीवरच लेखी ठरलेलं हवं. २२ मे २०१०ला मंगळूरला अपघात झालेल्या विमानाचे कॅप्टन सर्बियन होते, सहवैमानिक भारतीय. विमान फार उंचावरून उतरतंय हे पाहून सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर जायला वारंवार सांगितलं. भीड आड आली नव्हती. कॅप्टन थांबले नाहीत, १५८ जण गेले. त्याने विमान स्वतःच्या ताब्यात का घेतलं नाही, याचं चौकशी अहवालाने दिलेलं संभाव्य कारण असं: सहवैमानिकाला तसा अधिकार देणाऱ्या सूचनाच संदिग्ध होत्या.