उपग्रहास काय दिसतें?

“वरून उपग्रह सर्व कांहीं पाहत असतो,” हें वाक्य हल्लीं घरोघर ऐकूं येतें. वडीलधारी मंडळी तें किंचित् भीतीनें उच्चारतात, तर कॉलेजांत जाणारीं मुलें मोठ्या आत्मविश्वासानें. ओटीवर बसलेल्या गृहस्थाच्या हातांतील वर्तमानपत्राचा मजकूरहि उपग्रह वाचतो, ही कथा आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर आली असेल. तींत तथ्य किती ह्याचा निकाल प्रकाशाच्या एका साध्या नियमानें लागतो. आणि तो नियम कोणत्याहि सरकारास मोडतां येत नाहीं.

दुर्बिणीचा आरसा जितका रुंद तितकें सूक्ष्म दिसावयाचें, व अंतर जितकें अधिक तितकें अस्पष्ट. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांचे आंकडे गुप्त आहेत. परंतु २०१२ सालीं त्या देशाच्या हेर-उपग्रह खात्यानें वापरावांचून पडलेल्या दोन दुर्बिणी ‘नासा’ ह्या संस्थेस देऊन टाकल्या, त्यांचे आरसे २.४ मीटर व्यासाचे, म्हणजे प्रसिद्ध हबल दुर्बिणीच्या आरशाएवढेच निघाले. अशा आरशानें अडीचशें किलोमीटर उंचीवरून पाहिलें असतां, हवा अगदीं निश्चल धरली तरी, सुमारें ६ सेंटिमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदु वेगळे ओळखूं येत नाहींत. वर्तमानपत्राचें अक्षर दोन-तीन मिलिमीटरांचें! तेव्हां पत्र उघडलेलें आहे कीं मिटलेलें, एवढें कळलें तरी पुष्कळ झालें.

सर्वसामान्य गिऱ्हाइकास विकत मिळणारीं चित्रें ह्याहून स्थूल असतात. २०१४ सालीं सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ ह्या उपग्रहाच्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरील ३१ सेंटिमीटरांचा. आपल्या कार्टोसॅट-३ चा (२०१९) पाव मीटराच्या आसपास. अंगणांत मांडलेला जेवणाचा पाट म्हणजे असले दोन-चार ठिपके. गच्चीवर पसरलेलें नऊवारी लुगडें एक पट्टा म्हणून स्पष्ट दिसेल, त्याचे कांठ मात्र दिसावयाचे नाहींत. माणूस म्हणजे वरून डोकें आणि खांदे. सकाळच्या उन्हांत त्याची लांब सावलीच त्याच्यापेक्षां अधिक बोलकी असते.

दुसरी अडचण वेगाची. हे उपग्रह सेकंदास सुमारें साडेसात किलोमीटर धांवतात व दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतात. एक गांव त्यांच्या दृष्टीच्या टापूंत राहतें तें कांहीं मिनिटेंच. ‘मग एका जागीं स्थिर वाटणारा उपग्रह कां वापरीत नाहींत?’ असें कोणी विचारील. तो सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. तितक्या अंतरावरून तोच आरसा नऊ मीटरांहून लहान कांहीं दाखवूं शकत नाहीं, म्हणजे बैलजोडीसकट गाडी नाहींशी! शिवाय छायाचित्रें घेणारे पुष्कळ उपग्रह सूर्याशीं मेळ राखून रोज ठराविक वेळींच एखाद्या प्रदेशावरून जातात. पंचांग पाहून मुहूर्त काढावा तसे त्यांचे येण्याजाण्याचे क्षण गणितानें काढतां येतात.

हें गणित आपल्या देशानें किती कुशलतेनें केलें, ह्याचा इतिहास पोखरणच्या वाळवंटांत घडला. १९९५ च्या डिसेंबरांत तेथील चाचणीची तयारी अमेरिकन उपग्रहांनीं हेरली व राजदूत फ्रँक विझ्नर ह्यांनीं ती गोष्ट दिल्लीच्या अधिकाऱ्यांसमोर मांडली. चाचणी झाली नाहीं. १९९८ सालीं तीच चूक पुन्हां होऊं द्यावयाची नव्हती. लष्कराच्या ५८ व्या इंजिनिअर रेजिमेंटचे जवान रात्रीं काम करीत आणि पहांट होतांच यंत्रें व गाड्या आदल्या दिवशींच्या जागीं आणून ठेवीत. उपसलेल्या वाळूच्या ढिगांस, वाऱ्यानें घडविलेल्या टेकड्यांसारखा आकार देण्यांत येई. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशांत वावरत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हांचे संचालक डॉ. अनिल काकोडकर हे ह्या कार्यांतील एक प्रमुख. ११ मे रोजीं तीन व १३ मे रोजीं दोन स्फोट झाले, आणि पहिल्यांची वार्ता वॉशिंग्टनला कळली ती दिल्लीच्या घोषणेनें! पुढें ॲडमिरल जेरेमिया ह्यांच्या चौकशींत हेरखात्याच्या डोळ्यांपेक्षां त्याच्या समजुतीवर अधिक ठपका आला: भारत असें कांहीं करणार नाहीं, हें पाहणारांनीं आधींच मनाशीं धरलें होतें.

ढगांपुढें छायाचित्र हतबल होतें. आमच्या कोंकणांतील चार महिने तर विचारूंच नये. रडारचे उपग्रह (भारताचा रिसॅट-२ हा २००९ चा) ढगांतून व काळोखांतहि पाहतात, पण घराचें छप्पर त्यांसहि आड येतें. उष्णता टिपणारें यंत्र फार तर छप्पर तापल्याचें सांगेल. खालीं स्वयंपाक चालला आहे कीं होमहवन, हें तें सांगणार नाहीं.

ह्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जें दिसतें त्याचा अर्थ उपग्रह सांगत नाहीं. ५ फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ह्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें इराकचीं उपग्रहचित्रें ठेविलीं. इमारती खऱ्या होत्या, मोटारीहि खऱ्या. परंतु एका मोटारीस विषारी द्रव्यें धुऊन काढण्याची गाडी हें नांव चित्रानें दिलें नव्हतें, चित्र वाचणारांनीं दिलें होतें. मार्चमध्यें युद्ध पेटलें, असंख्य कुटुंबें उद्ध्वस्त झालीं. आणि ज्या शस्त्रसाठ्यांसाठीं हें सारें केलें, ते मागाहून कसून शोध घेऊनहि सांपडले नाहींत. आम्हांस वाटतें, छायाचित्रावर लोकांचा शब्दापेक्षां अधिक विश्वास बसतो, म्हणूनच तें अधिक जपून वाचावयास हवें होतें.

उलट, ह्या टेहळ्यांवर पाळत ठेवणारे हौशी लोकहि जगांत आहेत. २९ ऑगस्ट २०१९ रोजीं इराणच्या सेमनान येथील तळावर अग्निबाण सुटण्यापूर्वींच अपघात झाला. दुसऱ्या दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप ह्यांनीं त्या जागेचें एक विलक्षण स्पष्ट चित्र स्वतःच प्रसिद्ध केलें. जाणकारांच्या अंदाजानें त्यांतील बारकावा दहा सेंटिमीटरांच्या जवळपासचा होता. तेव्हां ह्या हौशी निरीक्षकांनीं चित्रांतील सावल्यांची दिशा व वर्तुळांचा तिरपेपणा मोजून तें यूएसए-२२४ ह्या गुप्त उपग्रहानें काढल्याचें थोड्याच वेळांत ओळखलें. आपल्या घरांतील मुलांसहि असे उपग्रह पाहतां येतील. दिवेलागणीनंतर तासाभरांत गच्चीवर जावें. न लुकलुकतां, आवाज न करतां सरळ सरकणारी एखादी चांदणी दिसेल, आणि पृथ्वीच्या सावलींत शिरतांच ती मध्येंच विझून जाईल.