धाक, लाड आणि पहिलीचा वर्ग

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावात हे दिवस धानाच्या पऱ्यांचे, म्हणजे रोपांचे असतात आणि जुलै लागला की रोवणी सुरू होते. मूल पहिल्यांदा पहिलीच्या वर्गात बसतं, नेमक्या त्याच आठवड्यांत घरातली मोठी माणसं वर्षातली सर्वांत जास्त थकलेली असतात. वर्गात मात्र मुलांची पारख लगेच सुरू होते. एखादं मूल फाटक सोडत नाही आणि रडून आकांत करतं, एखादं शेजारच्याला ढकलून त्याची पेन्सिल ओढून घेतं, एखादं मधेच उठून व्हरांड्यात जातं. एखादं सकाळपासून दुपारपर्यंत हाताची घडी घालून गप्प बसून राहतं. रडणारं मूल ‘लाडावलेलं’ ठरतं, मारणारं ‘मोकाट सुटलेलं’ आणि गप्प बसणारं ‘वळण लावलेलं’. या पारखीतला शेवटचा निकाल सर्वांत घातक आहे असं मला वाटतं. गप्प मुलाकडे कुणी पाहत नाही, आणि त्याला काही कळत नाहीये हे वर्ष सरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्या वळणाचा शाळेतल्या वागण्याशी संबंध आहे, यात शंका नाही. पण धाक जास्त की लाड जास्त, एवढ्या एकाच मापानं तो संबंध मोजता येत नाही.

या प्रश्नाचा शिस्तशीर अभ्यास 1960च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डायना बॉमरिंड यांनी केला. बालवाडीतल्या मुलांचं वागणं त्यांनी आधी बारकाईनं पाहिलं आणि मग त्यांची घरं पाहिली. पालकत्वाच्या तीन रीती त्यांना दिसल्या. पहिल्या रीतीत हुकूम असतो, कारण सांगितलं जात नाही आणि मायाही फारशी दाखवली जात नाही. दुसऱ्या रीतीत माया भरपूर असते, पण कोणताच नियम टिकत नाही. तिसऱ्या रीतीत नियम पक्के असतात, मुलाला त्याचं कारण सांगितलं जातं आणि त्याचं म्हणणंही ऐकलं जातं. पुढे 1983 मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी यात चौथी रीत जोडली: जिथे नियमही नाहीत आणि लक्षही नाही. बॉमरिंड यांना तिसऱ्या रीतीच्या घरांतली मुलं जास्त स्वावलंबी आणि स्वतःला आवरणारी दिसली. धाकातली मुलं आतल्या आत मिटलेली, अविश्वासू आणि असमाधानी होती. मोकळं सोडलेल्या घरांतल्या मुलांत आत्मनिर्भरता आणि संयम सर्वांत कमी होता. धाक आणि अतिलाड ही दोन विरुद्ध टोकं आहेत असं आपण धरून चालतो. मला ती एकाच जागी येऊन मिळताना दिसतात. धाकाच्या घरात मुलाला आवरण्याचं काम मोठी माणसं करतात, लाडाच्या घरात ते कुणीच करत नाही. स्वतःला आवरण्याचा सराव मुलाला दोन्हीकडे मिळत नाही, आणि पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून नेमका तोच सराव लागतो.

हे घडतं कसं, याचं चांगलं उत्तर ओरेगॉनमधल्या जेराल्ड पॅटरसन यांच्या कामात आहे. आक्रमक मुलांच्या घरांत रोजच्या साध्या कुरबुरी कशा चालतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. मूल काही मागतं, आई नाही म्हणते. मूल रडतं, आई आवाज चढवते. मूल लोळण घेतं, आणि चार लोकांसमोर शोभा नको म्हणून आई हवं ते देऊन टाकते. या एका प्रसंगात दोघंही काहीतरी शिकतात. जोर केला की ‘नाही’चं ‘हो’ होतं हे मुलाला कळतं, आणि दिलं की शांतता मिळते हे आईला कळतं. कधी याच्या उलट होतं. आई सणसणीत थप्पड देते, मूल गप्प होतं, आणि थप्पड लागू पडते हा धडा घट्ट बसतो. किराणा दुकानातल्या कुरकुऱ्यांच्या पाकिटावरून झालेली ही शिकवणी मूल शाळेत बरोबर घेऊन येतं. तिथे पेन्सिल हवी असेल तर ते घरी उपयोगी पडलेली रीतच आधी वापरून पाहतं. धाकातल्या मुलाचं थोडं वेगळं होतं. त्याच्यासाठी नियम मोठ्यांच्या डोळ्यांत असतो, म्हणून बाई फळ्याकडे वळल्या की नियम संपतो. बाईंसमोर अगदी शहाणं आणि मधल्या सुट्टीत सर्वांत उग्र, अशी मुलं प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहेत.

आपल्याकडे या धाकात शाळेलाच ओढण्याची सवय आहे. ‘थांब, शाळेत टाकते, मग सर बरोबर सरळ करतील’ हे वाक्य गावात आणि शहरात, शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत सारखंच ऐकू येतं. बोलणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटतं. पण साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाला शाळा म्हणजे काय, हे त्या वाक्यातूनच पहिल्यांदा समजतं: शाळा म्हणजे शिक्षा, आणि शिक्षक म्हणजे ती देणारा माणूस. असं मूल लघवीला लागली तरी विचारत नाही, तहान लागली तरी बोलत नाही आणि समजलं नाही हे तर कधीच सांगत नाही. शिवाय ती धमकी खोटी आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं याला बंदी आहे. म्हणजे मुलापुढे दोनच वाटा उरतात. एक तर ते भीत राहतं, नाहीतर सर मारत नाहीत हे आठवडाभरात ओळखतं. मग त्याच्या लेखी आईचा शब्द पोकळ ठरतो आणि सरांचं ऐकायचं कारणही उरत नाही.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ हा या सगळ्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. त्याला सहज झटकून टाकू नये, कारण बोलणाऱ्याच्या मनात आईवडिलांविषयी आदर असतो आणि त्यांना दोषी ठरवणं त्याला नको असतं. महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसल्याचं आढळलं. अनुभव इतका सार्वत्रिक असला की मार खाल्लेले अनेक जण चांगले निघणारच. त्यावरून मारामुळे ते चांगले झाले, असं ठरत नाही. 2016 मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 75 अभ्यासांतली सुमारे 1 लाख 60 हजार मुलांची माहिती एकत्र तपासली. मारानं मुलांचं वागणं दीर्घकाळ सुधारतं असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट जास्त मार आणि जास्त आक्रमकता, जास्त मार आणि जास्त मानसिक त्रास, हीच सांगड पुन्हापुन्हा दिसली. बहुतेकांना आईवडिलांनी मारलंही आणि पोटाशीही धरलं. आपलं बरं झालं असेल तर त्याचं श्रेय त्या दुसऱ्या गोष्टीला द्यायला मी तयार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं परदेशातलं, तिकडच्या चौकोनी कुटुंबांवरचं संशोधन आहे. रूथ चाओ यांनी 1994 मध्ये हेच दाखवून दिलं. चिनी कुटुंबांतली कडक शिस्त अमेरिकी मापानं हुकूमशाही ठरते, पण तिच्यात मुलासाठी झिजण्याची भावना असते आणि मुलालाही ती कळते. म्हणून ते माप तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. 2005 मध्ये जेनिफर लॅन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या 336 आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जिथे मारणं ही सर्वमान्य रीत होती तिथे त्याचा वाईट परिणाम कमी दिसला, पण तिथेही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि जास्त चिंताग्रस्त होतीच. संस्कृतीमुळे घाव सौम्य होतो, नाहीसा होत नाही. आजी-आजोबांच्या घरातलं चित्रही वेगळं वाचायला हवं. आजीचा लाड हा दोष नाही, तो मुलाचा आधार आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा बापानं दिलेला नकार आजी पाच मिनिटांत फिरवते आणि मग बाप तिचा राग मुलावर काढतो. नियम माणसागणिक बदलतो असं शिकलेलं मूल वर्गात प्रत्येक नवीन बाईंची आधी परीक्षा घेतं.

आणि धाकाशिवाय मूल वाढवण्याचा विचार केवळ बाहेरून आलेला नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी शिक्षा आणि बक्षीस दोन्ही वगळून बालशिक्षण उभं केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि ‘शिक्षणपत्रिके’तून मराठी पालकांशी सतत संवाद ठेवला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना किंवा आईबापांना नावं ठेवली नाहीत. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी जन्माला आली. मूल बुजतं तेव्हा मोठ्यांनी आपली रीत बदलून पाहायची, ही गोष्ट महाराष्ट्रानं अशी स्वतःच्या कामातून शिकलेली आहे.

तिसरा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. मुलं स्वभाव घेऊन जन्मतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून न्यूयॉर्कमधली मुलं तान्हेपणापासून पाहिली. काही मुलं सहज रुळतात, काही लवकर भडकतात आणि काहींना नव्या जागेत मोकळं व्हायला वेळच लागतो, असं त्यांना आढळलं. मार्टिन पिंक्वार्ट यांनी 2017 मध्ये चौदाशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. पालकत्वाचा परिणाम त्यात दिसतो, पण तो माफक आहे आणि दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे हट्टी मूलही पालकाला कठोर बनवतं. म्हणून फाटकाशी रडणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून त्याच्या आईला बोल लावणं अन्यायाचं आहे. गोंदियात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथे कुठे घरात पोवारी बोलतात, कुठे हिंदी, कुठे गोंडी, आणि वर्गात पुस्तकी मराठी असते. अशा मुलाची चुप्पी धाकाचीही असू शकते, स्वभावाचीही आणि भाषेचीही. मधल्या सुट्टीत आपल्या बोलीत ते खुलतं का, हे पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

राहिला वेळेचा प्रश्न. रोवणीला पहाटे निघणाऱ्या बाईनं मुलाला कारणं समजावत बसायचं कधी? अमेरिकेत 1991 पासून तेराशेहून अधिक मुलांवर चाललेल्या मोठ्या अभ्यासात, मूल दिवसभर कुणाकडे असतं यापेक्षा घरच्यांची त्याच्याशी वागण्याची रीत जास्त महत्त्वाची ठरली. या रीतीला फार वेळ लागत नाही. घरात तीनचारच नियम असावेत, पण ते कालच्यासारखेच आज असावेत. नकाराचं कारण एका वाक्यात देता येतं. खेळ थांबवायचा असेल तर थोडं आधी सांगता येतं. मुलाला स्वतःचं ताट उचलू द्यावं, बटण लावू द्यावं, ‘बाई, मला लघवीला जायचं आहे’ हे वाक्य न लाजता म्हणायला शिकवावं. आणि शाळेत सोडताना त्याची नजर चुकवून कधीही पळू नये. ‘मी शेतावर जाते, सुट्टी झाली की आजी येईल’ असं सांगून निघालं तर मूल रडेल, पण आजी खरंच आली की दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ धरायला एक खरा शब्द असेल. दहा वर्षांच्या बहिणीवर भावंडाला सांभाळायचं काम पडतं, त्या घरांत हे तिलाही सांगायला हवं, कारण दिवसभर पालक तीच असते आणि ती मोठ्यांच्या धमक्या जशाच्या तशा उचलते.

शाळेकडे यासाठी जागा तयार आहे. 2022 पासून महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. मेळाव्यात भाषा आणि गणनपूर्व तयारीबरोबर सामाजिक-भावनिक विकासाचंही टेबल असतं, आणि गावात माता पालक गट केले जातात. त्यात दोन उणिवा राहतात. गट मातांचाच असल्यानं बाप आणि आजी-आजोबा बाहेर राहतात, आणि नकार फिरवणारे किंवा हात उगारणारे बऱ्याचदा तेच असतात. दुसरी उणीव वेळेची: गटाचं खरं काम जुलैत लागतं, तेव्हा बाया धानाच्या बांधीत असतात. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात तर मे महिनाही तेंदूपत्त्यात जातो. म्हणून बैठका संध्याकाळी, गावाच्या कामाच्या पंचांगाप्रमाणे ठरवाव्यात आणि घरातल्या दोन पिढ्यांना बोलवावं. अशा पहिल्या बैठकीत शिक्षकांनी मुलांच्या देखतच घरच्यांना सांगावं की माझ्या नावानं याला भीती घालू नका, याला काही अडलं तर मला विचारायला सांगा.