जमिनीखालच्या नळाचा कानोसा

मराठवाड्यात नव्या पाण्याच्या शोधासाठी जेवढे द्रव्य, जेवढी श्रद्धा आणि जेवढे कष्ट खर्ची पडतात, त्यांचा अल्पांशही हाती आलेले पाणी वाटेत कोठे नाहीसे होते हे पाहण्यासाठी खर्ची पडत नाही. फाल्गुन सरत आला, विहिरी तळाशी गेल्या, की पाणाडे तळहातावर नारळ घेऊन शिवार तुडवू लागतात आणि विंधन विहिरींची यंत्रे रात्रंदिवस काळा पाषाण भेदीत राहतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’तील दकार्गल नावाचा अध्याय भूगर्भातील जलशिरांना वाहिला, त्या काळापासून या शोधाची परंपरा आपल्याकडे नांदत आलेली आहे. परंतु जलाशयातून उपसलेले, विजेचे देयक भरून उंच टाकीत चढविलेले, औषध घालून पिण्याजोगे केलेले पाणी जेव्हा नळाच्या एखाद्या सैल सांध्यातून मुरमात जिरू लागते, तेव्हा त्याच्या मागावर कोणी निघत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ते कानांना मात्र ऐकू येते. आणि ऐकण्याची ही विद्या मोठ्या शहरांच्या हद्दीबाहेर पडून आपल्या खेड्यांपर्यंत पोचावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल टेंभुर्णी घेऊ. टेंभुर्णी म्हटले की अनेकांना सोलापूर जिल्ह्यातील महामार्गावरचे गाव आठवते. येथे अभिप्रेत आहे ती जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी. तालुक्याचे ठाणे केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेले, टेंभुर्णीच्या शेजारी अकोलादेव येथे जीवरेखा नदीवर मध्यम प्रकल्पाचे धरण, आणि तरीही पावसाने ओढ दिली की टँकरची वाट पाहणे या मुलखाला चुकलेले नाही. येथील जमिनीचा स्वभाव आपल्या विषयाशी फार निगडित आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, अशी ही रचना. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात आत जावा एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्या या वार्षिक हालचालीबरोबर तिच्यात पुरलेला नळही किंचित उचलला जातो, किंचित खचतो, आणि अखेरीस त्याचा सांधा ढिला होतो. तेथून निसटलेले पाणी रस्त्यावर येऊन चिखल करील तर उपकारच म्हणावयाचे, कारण मग निदान ते उघडकीस येते; परंतु खालच्या मुरमाला वाट मिळाली की ते महिनोन्महिने निमूटपणे तिकडेच उतरत राहते.

अशा एका छिद्राने किती नुकसान होते, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. नळातील दाब १० मीटर उंचीच्या पाण्याइतका धरला, तर छिद्रातून निघणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो. छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर धारेचा संकोच जमेस धरूनही दिवसाकाठी ५,००० लिटर पाणी त्यातून निघून जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन अभियानाने ग्रामीण माणसाचा दरडोई दैनिक हिस्सा ५५ लिटर ठरविला आहे. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे हे भोक नव्वदांहून अधिक माणसांचा वाटा एकटे गिळू शकते. ज्या गावी नळाला दिवसातून एक तासच पाणी येते, तेथे हा आकडा दोनशे लिटरांवर येतो हे खरे. पण तेथे निराळाच अनर्थ संभवतो. पाणी बंद झाले की रिकाम्या होत जाणाऱ्या नळात ओढ निर्माण होते, आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. पावसाळ्याच्या तोंडी गावोगाव पसरणाऱ्या पोटाच्या विकारांचे एक मूळ येथे आहे, आणि म्हणून गळतीचा शोध हे काटकसरीपेक्षाही आरोग्याचे काम आहे, असे मी मानतो.

आता त्या आवाजाकडे वळू. दाबाखालचे पाणी अरुंद वाटेने सुटताना छिद्राच्या कडा थरथरवते, आणि ती कंपने नळाच्या अंगातून व आतल्या पाण्यातून दोन्ही दिशांना धावत जातात. शिवाय धार सभोवतीच्या मातीवर आदळण्याचा, आणि पोकळी तयार झाली असेल तर तीत खडे घोळण्याचा, असे आणखी दोन नाद असतात. पहिला नाद शिट्टीसारखा उंच, नंतरचे दोन खालच्या पट्टीतले, आणि नळापासून थोड्याच अंतरापर्यंत ऐकू येणारे. बिडाच्या किंवा लोखंडी नळावर गळतीचा आवाज शेकडो मीटर दूर जातो व तो सामान्यतः सेकंदाला ५०० ते १,५०० कंपनांचा, म्हणजे मानवी कानाच्या चांगल्या पल्ल्यातला असतो. प्लास्टिकचा नळ मात्र हा आवाज स्वतःच शोषून घेतो. जे उरते ते बहुधा ३०० कंपनांच्या खालचे, घुमे आणि थोड्याच मीटरांत विरणारे असते. खेड्यांतून आज सर्वत्र पुरले जाणारे नळ प्लास्टिकचे आहेत, ही या विद्येपुढची सर्वांत मोठी अडचण होय.

ऐकण्याचे आद्य साधन म्हणजे एक साधी कांब. तिचे एक टोक चावीवर किंवा नळाच्या उघड्या भागावर टेकवावयाचे आणि दुसऱ्या टोकाच्या वाटीला कान लावावयाचा, एवढीच तिची कृती. मुंबई महानगरपालिकेच्या जलअभियंता खात्यातील माणसे रस्ते शांत झाल्यावर अशीच कांब घेऊन गळती शोधीत आली आहेत. तिला ते साउंडिंग रॉड म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांच्या ‘हायड्रॉलिक सिटी’ या २०१७ सालच्या ग्रंथात मुंबईच्या गळतीवर स्वतंत्र प्रकरणच आहे. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली रोग्याच्या छातीचा आवाज नळीवाटे ऐकण्याची रीत काढली, आणि नळाचा आवाज ऐकण्याची ही रीत त्याच जातीची आहे. पुढे पहिल्या महायुद्धात शत्रूचे सुरुंग खोदण्याचे आवाज जमिनीखालून टिपण्यासाठी ज्याँ पेरँ या पदार्थवैज्ञानिकाने भूश्रवणयंत्र सिद्ध केले; दोन डब्या जमिनीवर ठेवून दोन्ही कानांनी एकदम ऐकले असता आवाज कोणत्या बाजूने येतो हे त्यातून उमगे. युद्ध संपल्यावर तेच यंत्र पाण्याच्या नळांवर रुजू झाले. आजचे विद्युत् भूश्रवणयंत्र त्याचेच वंशज असून, नको असलेल्या पट्ट्यांतले आवाज वगळून हवा तेवढाच आवाज ते वाढवून ऐकविते.

याहून विलक्षण युक्ती सहसंबंधक यंत्राची, म्हणजे कोरिलेटरची. नळावरच्या दोन चाव्यांवर दोन संवेदक बसवावयाचे, आणि एकाच गळतीचा आवाज एकापेक्षा दुसऱ्याला किती उशिरा पोचतो हे यंत्राने मोजावयाचे. समजा, दोन चाव्यांत १०० मीटर अंतर आहे, नळ बिडाचा असल्याने आवाजाचा वेग सेकंदाला १,२०० मीटर धरला, आणि उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका आढळला. तर दोन्ही अंतरांतील फरक २४ मीटर, म्हणजे गळती जवळच्या चावीपासून ३८ मीटरांवर. पण तोच नळ प्लास्टिकचा असेल, तर वेग ४०० मीटरांच्या आसपास उतरतो, फरक ८ मीटरच राहतो आणि गळती ४६ मीटरांवर सरकते. जमिनीखाली कोणत्या जातीचा नळ आहे याची दप्तरी नोंद नसेल, तर इतके सूक्ष्म यंत्र हाती असूनही खड्डा ८ मीटर चुकीच्या जागी खणला जाईल.

म्हणून नोंदीचा प्रश्न मला यंत्राच्या प्रश्नाहून थोर वाटतो. हा मुलूख जमिनीखालच्या नळांना नवखा नाही. पूर्वी जमशेदखान नावाच्या गृहस्थाने जालन्याच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी भूमिगत नळांनी शहरात आणून सराईच्या चौकातील हौदात सोडले. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, नहर आणली. तिच्या वाटेवर ठायीठायी तपासणीच्या विहिरी ठेविल्या होत्या, आणि त्या नगरीच्या नहरींवर उभारलेल्या बंबे नावाच्या मनोऱ्यांतून दाब व कोंडलेली हवा यांचे नियमन होई. त्या कारागिरांनी जमिनीखालचे काम करताना ते पुन्हा पाहता येईल अशी वाट जाणूनबुजून राखली होती. आज आपण चर खणतो, नळ टाकतो, माती लोटतो, आणि नळ कोठून गेला हे गावच्या वॉलमनच्या स्मरणावर सोपवितो. तो निवृत्त झाला की गावाचा नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो.

नंतर शोधावयाचे म्हटले तर धातूचा नळ विद्युत्‌चुंबकीय यंत्राने सापडतो, पण प्लास्टिक त्या यंत्राला दाद देत नाही. रडारच्या लहरी ओल्या काळ्या मातीत थोड्याच खोलीवर विरून जातात. मग उरतो पुन्हा ध्वनीच: नळाच्या पाण्यात एका तोटीतून ठोके सोडावयाचे आणि ते जमिनीवर कोठे सर्वांत स्पष्ट उमटतात हे ऐकत पुढे सरकावयाचे. हा सारा खटाटोप टाळण्याची तजवीज नळ पुरतानाच करता येते. नळाच्या सोबत तांब्याची एक वेष्टित तार चरात सोडली आणि तिची टोके चाव्यांच्या चौकटीत उघडी ठेविली, की पुढे केव्हाही त्या तारेच्या आधारे नळाची वाट काढता येते. घरोघर नळ देण्यासाठी गावे खणली जात असताना ही तार न टाकणे मला अक्षम्य वाटते.

तोक्योच्या जलखात्याने गळतीचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवर आणले आहे, आणि तेथेही रात्री कांब व श्रवणयंत्र घेऊन फिरणारे तरबेज कान या कामाचा कणा आहेत. आपल्या केंद्र सरकारने २००८ साली शहरांसाठी ठरविलेला मापदंड, वसुलीत न येणारे पाणी २० टक्क्यांच्या आत असावे, असा होता. तोक्योच्या नळाला अहोरात्र दाब असतो; टेंभुर्णीसारख्या गावी पाणी सुटते तेवढाच वेळ कान लावण्याचा, आणि त्याच वेळी गावातल्या सगळ्या तोट्याही वाहत असतात. या पेचावरचा उपाय मात्र साधा आहे. महिन्यातून एखादी रात्र टाकी भरून घ्यावी, दवंडी देऊन घरोघरच्या तोट्या बंद ठेवावयास सांगावे, आणि मध्यरात्रीनंतर पाणी सोडून एकेक गल्ली तपासावी. १८७३ साली लिव्हरपूलचे अभियंते डीकन यांनी रात्रीच्या प्रवाहाची नोंद करणारे मापक काढले, त्यामागील तत्त्व हेच: सारे झोपले असता जे पाणी वाहते ते गळतीचे.

मापक नसले तरी अडत नाही. आतून ५ मीटर व्यासाच्या गोल टाकीची पातळी एक सेंटिमीटर उतरली, म्हणजे जवळजवळ २०० लिटर पाणी गेले. टाकीच्या आत मापाची पट्टी रंगवावी, दर अर्ध्या तासाला पातळी टिपावी, एकेका गल्लीची चावी बंद करीत जावे. ज्या चावीसरशी पातळीची उतरण मंदावेल किंवा थांबेल, त्या गल्लीत कांब घेऊन जावे. जलजीवन अभियानात ‘नल जल मित्र’ या नावाने गावकऱ्यांनाच नळयोजनेची देखभाल व दुरुस्ती शिकविण्याची तरतूद आहे. त्या शिक्षणात या कांबेचा अंतर्भाव करावा, आणि सापडलेल्या प्रत्येक गळतीची जागा, खोली, नळाची जात व तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत त्याच रात्री लिहून ठेवावी.