संयुक्त धनुष्य

संयुक्त धनुष्य : भुजांच्या टोकांशी चाके बसवून त्यांवरून प्रत्यंचा व केबली नेलेले आधुनिक यांत्रिक धनुष्य. ‘कंपाउंड धनुष्य’ ह्या नावानेही ते खेळाडूंत परिचित आहे. शिंग, लाकूड व प्राण्यांचे स्नायुतंतू यांचे थर एकमेकांवर चिकटवून तयार केलेल्या प्राचीन संमिश्र धनुष्याहून ते निराळे होय. धनुर्विद्येचा इतिहास हजारो वर्षांचा असला, तरी ह्या धनुष्याचा शोध १९६०–७० ह्या दशकातील आहे. हरणाच्या शिकारीसाठी निर्माण झालेले हे साधन भारतात मात्र क्रीडासाधन म्हणून रुजले आणि सातारा येथे सराव केलेल्या खेळाडूंनी त्यावर जागतिक अजिंक्यपदे मिळविली.

इतिहास : अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन (१९०९–७९) हे ह्या धनुष्याचे जनक मानले जातात. धनुष्याने शिकार करणाऱ्यांची एक जुनी अडचण त्यांच्यासमोर होती. प्रत्यंचा सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी हरणापर्यंत पोहोचतो व ते दचकून अंग आकसते किंवा उडी घेते. त्यामुळे अचूक नेमही चुकतो. आवाजाचा वेग सेकंदास सु. ३४० मी. असल्यामुळे २० मी. अंतर तो सु. ०·०६ सेकंदात कापतो. सेकंदास ५५ मी. वेगाच्या बाणास तेवढ्याच अंतरासाठी सु. ०·३६ सेकंद लागतात. म्हणजे हरणास सु. ०·३ सेकंद एवढा अवधी मिळतो. हा अवधी कमी करावयाचा, तर बाणाचा वेग वाढविणे आवश्यक होते.

नुसत्या ताठर भुजा वापरून वेग वाढविता येतो. परंतु असे धनुष्य ओढून धरणे सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेर जाते. ॲलन यांनी भुजांच्या टोकांशी चाके बसवून व त्यांचे आस मध्यापासून बाजूला सारून ही अडचण दूर केली. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व ३० डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. धनुष्ये तयार करणारे टॉम जेनिंग्ज यांनी ही रचना सुधारून बाजारात आणण्यास मोठा हातभार लावला. चाके लावलेले धनुष्य हे धनुष्यच नव्हे, असा आक्षेप आरंभी घेतला गेला व अमेरिकेतील काही राज्यांच्या शिकारविषयक नियमांत त्यास मान्यता नव्हती. हा विरोध पुढे मावळला.

रचना : धनुष्याचा मधला, मुठीचा भाग बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याच्या वर व खाली काचतंतू किंवा कार्बनतंतू घातलेल्या प्लॅस्टिकच्या आखूड व ताठर भुजा बसवितात. भुजांच्या टोकांशी असलेल्या चाकांना ‘कॅम’ म्हणतात. चाकावरील एका खाचेतून प्रत्यंचा व दुसरीतून केबल जाते. केबलीचे दुसरे टोक समोरच्या भुजेशी अथवा चाकाशी जोडलेले असते. ह्या जोडणीमुळे दोन्ही चाके एकाच वेळी फिरतात. एक चाक दुसऱ्याच्या किंचित आधी फिरले, तरी बाण वर किंवा खाली जातो. म्हणून चाकांची जुळणी वारंवार तपासावी लागते.

कार्य : विहिरीवरील रहाटाच्या चाकाचा आस बरोबर मध्यभागी असतो, त्यामुळे दोर कितीही ओढला, तरी लागणारा जोर तेवढाच राहतो. संयुक्त धनुष्याचे चाक मात्र उत्केंद्री असते. ते फिरू लागले, की आसापासून प्रत्यंचेचे व केबलीचे अंतर सतत बदलत जाते. आरंभी प्रत्यंचेचे अंतर कमी व केबलीचे अधिक असते, त्यामुळे जोर अधिक लागतो. प्रत्यंचा पूर्ण मागे आल्यावर ही स्थिती उलट होते. लांब तरफेने जड दगड सहज उचलून धरावा, तशी तेथे प्रत्यंचा थोड्या बलाने धरून ठेवता येते.

साध्या धनुष्यात प्रत्यंचा जितकी ओढावी, तितके बल वाढत जाते व नेम धरतानाच ते सर्वाधिक असते. संयुक्त धनुष्यात बल प्रारंभीच कमाल मर्यादेला पोहोचते, बराच काळ तेथेच टिकते व शेवटी एकदम उतरते. ही घट बहुधा ६५ ते ८० टक्के असते. स्पर्धेसाठी मान्य असलेल्या ६० पौंड (सु. २७ किग्रॅ.) कमाल बलाच्या धनुष्यावर नेम धरताना बोटांवर सु. ५·५ ते ९·५ किग्रॅ. एवढाच भार राहतो. साठलेली ऊर्जा मात्र घटत नाही. ओढण्याच्या बहुतेक अंतरात बल मोठे राहिल्यामुळे ती त्याच कमाल बलाच्या साध्या धनुष्यापेक्षा अधिक असते. शिकारीच्या आधुनिक धनुष्यातून बाण सेकंदास ९० मी. पर्यंत वेगाने सुटतो. वरील उदाहरणातील हरणास त्यामुळे सु. ०·१६ सेकंदच मिळतात.

बाण न लावता प्रत्यंचा सोडणे धोक्याचे असते. बाणाकडे जावयाची ऊर्जा अशा वेळी भुजा, चाके व केबली यांवर आदळते. त्यांपैकी एखादा भाग तुटून धनुर्धरास इजा होऊ शकते.

नेम व हृदयाचे ठोके : स्पर्धेत प्रत्यंचेवर बसविलेल्या लहान छिद्रातून व पुढील भिंगातून लक्ष्य पाहतात. भिंगाजवळील पाणसळ धनुष्य तिरपे झाल्यास दाखविते. पुढे निघालेल्या वजनदार दांड्यांनी हाताचा कंप कमी होतो. प्रत्यंचा बोटांनी न सोडता हातातील खटक्याने सोडतात. एवढी साधने हाताशी असली, तरी श्वास, स्नायूंचा थरकाप व हृदयाचे ठोके ही अस्थिरतेची कारणे शरीरातच उरतात. यंत्राने ताकदीचा भार हलका केला. शांततेचा भार मात्र धनुर्धरावरच ठेवला. ह्याच कारणाने हृदयाची गती कमी करणारी बीटा-अवरोधक औषधे तिरंदाजांना निषिद्ध आहेत. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) तिरंदाजांच्या हृदयाची गती दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली होती. शिकारी ज्या अवयवावर नेम धरतो, त्यात हृदयाचा समावेश असतो. खेळाडूला मात्र स्वतःच्याच हृदयाला आवर घालावा लागतो.

शिकारीकडून क्रीडेकडे : १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील १९९१ ची सुधारणा यांमुळे भारतात हौसेच्या शिकारीस वाव उरला नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात चितळ, सांबर व काळवीट यांना संरक्षण आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी ह्या जिल्ह्यांत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. ज्या प्राण्यांसाठी हे धनुष्य परदेशात घडले, त्यांच्यासारखेच प्राणी येथे सुरक्षित आहेत आणि बाण कागदी लक्ष्यावर सोडले जातात.

संयुक्त धनुष्याचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९५ मध्ये व आशियाई क्रीडास्पर्धांत २०१४ मध्ये समावेश झाला. लक्ष्य ५० मी. अंतरावर असून त्याचा व्यास ८० सेंमी. व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंमी. असतो. वैयक्तिक सामन्यात प्रत्येकी १५ बाण असतात. म्हणजे कमाल गुण १५० होत.

सातारा येथे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत उसाच्या शेताच्या जागेवर तिरंदाजीचा सराव सुरू झाला. तेथे घडलेल्या अदिती गोपीचंद स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिचा १४९–१४७ असा पराभव केला. वयाच्या १७ व्या वर्षी मिळविलेले हे अजिंक्यपद भारताचे ह्या स्पर्धेतील पहिले वैयक्तिक अजिंक्यपद ठरले. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम व परनीत कौर यांच्यासह तिने सांघिक सुवर्णपदकही मिळविले होते. ह्याच अकादमीत सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे हा १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांत विजेता झाला व त्याच वर्षी हांगजो आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके पटकाविली. ह्या दोघांनाही २०२३ चा अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

ऑलिंपिकमध्ये दीर्घकाळ चाके नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यासच स्थान होते. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील प्रवीण जाधव ह्याने टोकिओ येथे त्याच प्रकारात भारताचे प्रतिनिधित्व केले. एप्रिल २०२५ मध्ये मात्र २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकसाठी संयुक्त धनुष्याच्या मिश्र सांघिक प्रकारास मान्यता देण्यात आली. शिकाऱ्याची एक अडचण सोडविण्यासाठी निघालेले हे साधन पेटंटानंतर सु. सहा दशकांनी सर्वोच्च क्रीडामहोत्सवाच्या कार्यक्रमात आले आहे.